सरासरी निरपेक्ष विचलन (बाजारभाव)

सरासरी निरपेक्ष विचलन हे एखाद्या संख्यामालिकेतील मूल्ये तिच्या मध्यवर्ती मूल्यापासून सरासरीने किती दूर आहेत, हे सांगणारे सांख्यिकीय माप आहे. यास सरासरी विचलन किंवा माध्य विचलन असेही म्हणतात. बाजारभावांच्या तांत्रिक विश्लेषणात ते भावातील चढउताराची तीव्रता मोजण्यासाठी वापरले जाते. कमोडिटी चॅनेल इंडेक्स हा प्रसिद्ध निर्देशांक याच मापावर उभा आहे. या मापाचे उत्तर भावाच्याच एककात, म्हणजे रुपये प्रति क्विंटल किंवा रुपये प्रति समभाग असे मिळते, आणि ते वर्गमूळ न काढता कागदावर मांडता येते.

शेतमालाच्या बाजारात हे माप कसे चालते आणि कोठे फसवते, हे समजण्यासाठी कांदा हे सर्वांत चांगले उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या राजगुरुनगरजवळील चाकण येथे खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचे महात्मा फुले बाजार आवार असून ते कांदा व बटाट्याच्या घाऊक व्यापारासाठी परिचित आहे. पुढील विवेचनात याच बाजाराच्या दरपत्रकाची पद्धत नमुना म्हणून घेतली आहे. उदाहरणांतील दर मात्र केवळ गणित समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत.

व्याख्या व गणन

ठरावीक कालखंडातील भावांची सरासरी काढावी. प्रत्येक भाव त्या सरासरीपासून किती दूर आहे ते पाहावे आणि वजा चिन्ह सोडून द्यावे (शालेय गणितात यालाच केवल मूल्य म्हणतात). या सर्व अंतरांची बेरीज करून तिला नोंदींच्या संख्येने भागले की सरासरी निरपेक्ष विचलन मिळते. चिन्ह सोडणे आवश्यक असते, कारण सरासरीपासूनच्या चिन्हांसहित विचलनांची बेरीज नेहमी शून्य येते. वरच्या बाजूचे एकूण अंतर आणि खालच्या बाजूचे एकूण अंतर तंतोतंत समान असते. हा साधा गुणधर्म पुढे दोन ठिकाणी उपयोगी पडतो.

समजा, आठ लिलावांतील कांद्याचा सर्वसाधारण दर अनुक्रमे १५००, १६००, १४५०, १५५०, १७००, १६५०, १४०० आणि १५५० रुपये प्रति क्विंटल असा होता. यांची सरासरी १५५० रुपये येते. चिन्हविरहित अंतरे अनुक्रमे ५०, ५०, १००, ०, १५०, १००, १५० आणि ० अशी आहेत. त्यांची बेरीज ६०० असून तिला ८ ने भागल्यास ७५ रुपये हे सरासरी निरपेक्ष विचलन मिळते. शब्दांत सांगायचे तर, या काळात दर १५५० च्या आसपास होता आणि सरासरीने ७५ रुपये इकडेतिकडे झाला. याच नोंदींचे प्रमाण विचलन सुमारे ९३.५ रुपये येते.

हे ७५ रुपये लहान की मोठे, हे भावाच्या पातळीवर अवलंबून असते. दर १५५० असताना ते सरासरीच्या ४.८ टक्के आहेत, पण दर ५०० रुपयांवर घसरलेला असताना तेच ७५ रुपये १५ टक्के होतात. म्हणून दोन वेगळ्या पिकांची, दोन हंगामांची किंवा दोन बाजारांची तुलना करताना विचलनाला सरासरीने भागून मिळणारे सापेक्ष विचलन वापरावे लागते.

प्रमाण विचलनाशी तुलना

प्रमाण विचलनात प्रत्येक अंतराचा वर्ग केला जातो, त्यामुळे मोठ्या अंतरांना अधिक वजन मिळते. वरील उदाहरणात शेवटच्या लिलावात दर १५५० ऐवजी २३५० रुपये झाला असे मानू. आता सरासरी १६५०, सरासरी निरपेक्ष विचलन १८७.५ आणि प्रमाण विचलन सुमारे २८०.६ रुपये येते. पहिले माप अडीचपट वाढले, तर दुसरे तिप्पट. यामागचे कारण अधिक बोलके आहे. निरपेक्ष अंतरांच्या १५०० या बेरजेत त्या एका दिवसाचा वाटा ७००, म्हणजे सुमारे ४७ टक्के आहे. वर्गांच्या बेरजेत मात्र त्याच दिवसाचा वाटा सुमारे ७८ टक्के होतो. म्हणजे प्रमाण विचलन या ठिकाणी आठ लिलावांविषयी कमी आणि एका लिलावाविषयी अधिक सांगते.

भावांचे वितरण घंटाकृती (प्रसामान्य) असेल, तर सरासरी निरपेक्ष विचलन हे प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.८ पट असते. पहिल्या उदाहरणातील ७५ आणि ९३.५ यांचे गुणोत्तर जवळपास इतकेच आहे. दुसऱ्या उदाहरणात ते ०.६७ वर येते. हे गुणोत्तर ०.८ च्या बरेच खाली जाणे, ही मालिकेत काही नोंदी बाकीच्यांपासून फार दूर पडल्याची खूण समजली जाते.

दोन मापांपैकी श्रेष्ठ कोणते, हा वाद जुना आहे. ‘प्रमाण विचलन’ या संकल्पनेला कार्ल पिअरसन यांनी १८९३ मध्ये तिचे इंग्रजी नाव दिले. खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी १९१४ मधील ग्रंथात प्रत्यक्ष निरीक्षणांसाठी निरपेक्ष विचलनाची बाजू घेतली. त्यास रोनाल्ड फिशर यांनी १९२० मध्ये उत्तर दिले. वितरण अचूक प्रसामान्य असेल, तर प्रमाण विचलनाला १०० नोंदींतून मिळणारी अचूकता गाठण्यासाठी निरपेक्ष विचलनाला सुमारे ११४ नोंदी लागतात, असे त्यांनी सिद्ध केले. पाठ्यपुस्तकांत प्रमाण विचलनाचे वर्चस्व निर्माण होण्यात या निष्कर्षाचा मोठा वाटा आहे. मात्र १९६० मध्ये जॉन ट्युकी यांनी दाखवून दिले, की हजारात दोन इतक्या अल्प प्रमाणात जरी तिप्पट विखुरलेल्या नोंदी मिसळल्या, तरी ही आघाडी नाहीशी होते.

बाजारभाव हे अशा ‘भेसळ’ असलेल्या मालिकांचे ठळक उदाहरण होय. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६३ मध्ये कापसाच्या भावांचा अभ्यास करून दाखवले, की भावांतील मोठे बदल प्रसामान्य वितरणाच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळा घडतात. त्यांनी सुचवलेल्या प्रकारच्या वितरणांत विचरण अनंत असू शकते, म्हणजे नोंदी वाढवत गेल्यास प्रमाण विचलन कोठेही स्थिरावत नाही. त्यांनी कापसासाठी मांडलेल्या वितरणात सरासरी निरपेक्ष विचलन मात्र सान्त राहते. डॅनियल गोल्डस्टाइन आणि नसीम तालेब यांच्या २००७ मधील लेखानुसार वित्त क्षेत्रातील व्यावसायिकही ‘प्रमाण विचलन’ ऐकून मनात बहुधा निरपेक्ष विचलनच धरतात आणि त्यामुळे चढउतार कमी लेखतात.

कमोडिटी चॅनेल इंडेक्स

तांत्रिक विश्लेषणात या मापाला स्थान मिळाले ते डोनाल्ड लॅम्बर्ट यांच्यामुळे. १९८० मध्ये ‘कमोडिटीज’ या अमेरिकी नियतकालिकात त्यांनी हा निर्देशांक मांडला. संक्षेपाने त्यास सीसीआय म्हणतात. नावाप्रमाणे तो मुळात कृषी व इतर वस्तूंच्या वायदे बाजारासाठी होता. पुढे तो समभागांसाठीही सर्रास वापरला जाऊ लागला.

दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची सरासरी म्हणजे प्रातिनिधिक भाव. सध्याच्या प्रातिनिधिक भावातून त्याची चल सरासरी वजा करावी आणि आलेल्या फरकाला सरासरी निरपेक्ष विचलनाच्या ०.०१५ पटीने भागावे, की निर्देशांक मिळतो. ०.०१५ हा स्थिरांक निसर्गातून आलेला नाही. निर्देशांकाची बहुतांश मूल्ये −१०० ते +१०० यांच्या दरम्यान राहावीत, म्हणून तो निवडलेला आहे. भाव सरासरीपासून विचलनाच्या दीडपट दूर गेला की निर्देशांक १०० होतो. प्रसामान्य वितरणात हे अंतर सुमारे १.२ प्रमाण विचलनांइतके असते आणि सुमारे ७७ टक्के नोंदी त्याच्या आत पडतात.

दुसऱ्या उदाहरणातील २३५० रुपयांच्या लिलावासाठी हा निर्देशांक ७०० भागिले (०.०१५ गुणिले १८७.५), म्हणजे सुमारे २४९ येतो. या निर्देशांकाला वरची मर्यादा नाही असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते, ते बरोबर नाही. वरच्या आणि खालच्या विचलनांची बेरीज समान असल्याने कोणतेही एक विचलन एकूण बेरजेच्या निम्म्याहून मोठे असू शकत नाही. त्यामुळे आठ नोंदींच्या कालखंडात निर्देशांक सुमारे २६७ च्या पुढे आणि वीस नोंदींच्या कालखंडात सुमारे ६६७ च्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणून वेगवेगळ्या कालखंडांवर काढलेल्या निर्देशांकांची थेट तुलना करता येत नाही.

बाजार समितीच्या दरपत्रकास लावताना

पुणे येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ राज्यातील बाजार समित्यांचे दैनंदिन दर प्रसिद्ध करते. प्रत्येक नोंदीत आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर दिलेले असतात. चाकणचा बाजार त्यात ‘खेड-चाकण’ या नावाने येतो. शेअर बाजाराच्या तक्त्याची सवय असलेल्या वाचकाला कमीत कमी व जास्तीत जास्त दर म्हणजे नीचांक व उच्चांक वाटतात आणि तीन दरांची सरासरी घेऊन ‘प्रातिनिधिक भाव’ काढण्याचा मोह होतो.

येथे मोठी गल्लत होते. शेअर बाजारात उच्चांक आणि नीचांक हे एकाच समभागाचे वेगवेगळ्या क्षणांचे भाव असतात. सर्व समभाग एकसारखे असल्याने त्यांतील अंतर हा खरोखर वेळेनुसार झालेला चढउतार असतो. कांद्याच्या लिलावात मात्र प्रत्येक वक्कल वेगळी असते. जास्तीत जास्त दर बहुधा मोठ्या, कोरड्या, एक नंबर मालाला मिळालेला असतो, आणि कमीत कमी दर गोल्टी, चिंगळी किंवा भिजलेल्या मालाचा असतो. त्या दोन दरांतील अंतर हे प्रतवारीचे अंतर आहे. एका सकाळी बाजार पूर्ण स्थिर असतानाही ते हजार रुपयांचे असू शकते. अवकाळी पावसानंतर हलका माल अधिक आला, तर चांगल्या मालाचा दर जागचा न हलताही कमीत कमी दर कोसळतो आणि ‘प्रातिनिधिक भाव’ उगाच खाली जातो. म्हणून शेतमालाच्या दरपत्रकावर हे माप काढताना फक्त सर्वसाधारण दर घेणे इष्ट असते. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला, उच्चांक-नीचांकाच्या पल्ल्यावर आधारलेला सरासरी सत्य पल्ला हा निर्देशांक तर याच कारणाने अशा दरपत्रकावर अर्थहीन ठरतो.

दुसरी अडचण कालखंडाची आहे. सुट्ट्या, बंद, सणवार आणि बाजाराचे ठरलेले वार यांमुळे नोंदी सलग दिवसांच्या नसतात. ‘वीस नोंदी’ म्हणजे एखाद्या बाजारात एक महिना, तर दुसऱ्यात दोन महिने असू शकतात.

तिसरी अडचण अधिक मूलभूत असून ती कलाची, म्हणजे एकाच दिशेने होणाऱ्या वाटचालीची आहे. दर १०००, ११००, १२०० असा प्रत्येक लिलावाला १०० रुपयांनी वाढत १७०० पर्यंत गेला, तर त्या आठ नोंदींचे सरासरी निरपेक्ष विचलन २०० रुपये येते. ते पहिल्या उदाहरणाच्या अडीचपटीहून अधिक आहे. प्रत्यक्षात या मालिकेत अनिश्चितता काहीच नाही, कारण प्रत्येक बदल १०० रुपयांचाच आहे आणि त्या बदलांचे विचलन शून्य आहे. रब्बीचा कांदा काढणीनंतर चाळीत साठवला जातो आणि साठा संपत जाईल तसा दर पुष्कळदा चढतो. असा हंगामी चढ भावांच्या पातळीवरून काढलेल्या विचलनात अस्थिरता म्हणून मोजला जातो. तो वगळायचा असेल, तर भावांऐवजी लागोपाठच्या लिलावांतील टक्केवारी बदलांचे विचलन काढतात.

धोरणात्मक धक्के आणि निर्देशांकाची विस्मृती

कांद्याचा दर केवळ आवक आणि मागणीवर ठरत नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि मार्च २०२० मध्ये ती उठवली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी आली व १ जानेवारी २०२१ पासून ती हटली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावले गेले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा बंदी आली. ती मे २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्य व शुल्क लावून उठवण्यात आली. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आणले गेले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले. अशा निर्णयानंतर भावाची पातळी एका झटक्यात बदलू शकते आणि मग त्याच नव्या पातळीवर टिकू शकते.

अशा वेळी सीसीआयचे वर्तन तपासण्यासारखे आहे. समजा दर सात लिलाव २४०० रुपये होता, आठव्या लिलावात तो १४०० वर आला आणि पुढे तेथेच राहिला. आठ नोंदींच्या कालखंडावर काढलेला निर्देशांक पहिल्या दिवशी −२६७, दुसऱ्या नोंदीला −१३३, तिसऱ्या नोंदीला −८९ आणि चौथ्या नोंदीला −६७ येतो. दर एक रुपयाही सावरलेला नाही, तरी निर्देशांक तिसऱ्याच नोंदीला ‘सामान्य’ पट्ट्यात परततो. कारण चल सरासरी खाली येत असते आणि विचलन फुगत असते. आठही नोंदी १४०० च्या झाल्या की विचलन शून्य होते आणि निर्देशांक काढताच येत नाही.

याहून विशेष म्हणजे ही आकडेवारी घसरणीच्या आकारावर अवलंबून नाही. दर २४०० वरून १४०० झाला काय किंवा २४०० वरून २३९० झाला काय, निर्देशांकाची मूल्ये अगदी तीच येतात. अंश आणि छेद दोन्ही घसरणीच्याच प्रमाणात वाढत असल्याने ती भागाकारात नाहीशी होते. १० रुपयांची आणि १००० रुपयांची घसरण यांत फरक न करणारा हा आकडा एकटा पाहून ‘दर आता सावरला’ असा अर्थ काढणे शेतकऱ्याला महागात पडू शकते. सोबत विचलनाचा मूळ रुपयांतील आकडा पाहिल्यास हा फरक लगेच दिसतो. पहिल्या दिवशी तो एका बाबतीत सुमारे २१९ रुपये, तर दुसऱ्या बाबतीत २ रुपये १९ पैसे असतो.

संदर्भबिंदूची निवड

अंतर कोठून मोजायचे हा प्रश्न दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. सरासरीऐवजी मध्यक घेतला, तर निरपेक्ष विचलन किमान येते. दुसऱ्या उदाहरणात मध्यक १५७५ असून त्याभोवतीचे विचलन १८७.५ ऐवजी १७५ रुपये आहे. मध्यकापासूनच्या अंतरांची सरासरी न घेता त्यांचाही मध्यक घेतला, तर मध्यक निरपेक्ष विचलन हे वेगळे माप मिळते. ते पहिल्या उदाहरणात ७५ आणि दुसऱ्यात १०० रुपये येते, म्हणजे एकट्या उसळीने ते फारसे विचलित होत नाही. दोन्ही मापांचे इंग्रजी संक्षिप्त रूप ‘एमएडी’ हेच असल्याने संगणकीय साधनांत त्यांची गफलत वारंवार होते.

सौदा करणाऱ्या व्यापाऱ्याला दोन्ही दिशांचा चढउतार सारखाच महत्त्वाचा असू शकतो. माल पिकवणाऱ्याचे तसे नसते, त्याला खालची बाजू बोचते. परंतु सरासरीखालील विचलने वेगळी काढून उपयोग होत नाही, कारण वर सांगितलेल्या गुणधर्मामुळे ती नेहमी एकूण बेरजेच्या बरोबर निम्मी असतात. नवी माहिती मिळते ती संदर्भबिंदू बदलल्यावर. पहिल्या उदाहरणात प्रति क्विंटल उत्पादन खर्च १५०० रुपये मानला, तर आठपैकी दोन लिलावांत दर त्याखाली गेला, अनुक्रमे ५० आणि १०० रुपयांनी. या तुटीची आठ लिलावांवरील सरासरी १८.७५ रुपये आहे. खर्च १६०० मानला, तर तुटीचे लिलाव पाच होतात आणि सरासरी तूट ६८.७५ रुपयांवर जाते. बाजार तोच, दर तेच आणि सरासरी निरपेक्ष विचलनही तेच असताना दोन शेतकऱ्यांची जोखीम साडेतीनपटीहून अधिक वेगळी असू शकते.

इतर उपयोग

हिरोशी कोन्नो आणि हिरोआकी यामाझाकी यांनी १९९१ मध्ये टोकियो शेअर बाजारातील समभागांची निवड करण्यासाठी प्रमाण विचलनाच्या जागी हे माप वापरले. त्यामुळे वर्गसमीकरणांऐवजी रेषीय नियोजनाने प्रश्न सुटू लागला.

कारखान्यांतील साठा व्यवस्थापनात मागणीच्या अंदाजातील चूक याच मापाने मोजण्याची पद्धत रॉबर्ट ब्राउन यांच्या १९५९ मधील पुस्तकामुळे रूढ झाली. सुरक्षित साठा ठरवताना विचलनाला १.२५ ने गुणून प्रमाण विचलनाचा अंदाज घेतला जातो. हा १.२५ म्हणजे वर आलेल्या ०.८ चाच व्यस्त होय. कांद्याच्या बाजार आवाराच्या आसपास आज मोटारी व सुट्या भागांचे कारखाने उभे असलेल्या चाकणसारख्या ठिकाणी उत्पादन नियोजनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला हे माप या दुसऱ्या रूपातच प्रथम भेटण्याची शक्यता अधिक असते.